नवव्या पानावरचा गोल

चूक कोणाची हे ठरवूनच सगळे बसले होते. सगळे म्हणजे दोघंच. डोळ्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत एका खुर्चीत व्यवस्थापक, दुसरीत नव्या प्रोग्रामची पुस्तिका लिहिणारी मुलगी, आणि काउंटरवरच्या काकू उभ्याच. त्यांना बसा म्हणायचं कोणाला सुचलं नव्हतं.

काल नव्या प्रोग्रामचा पहिला दिवस. काकूंनी पुढच्या आठवड्याच्या ऑपरेशनच्या तारखा नक्की करायला घेतल्या आणि सगळ्याच्या सगळ्या रद्द करून ठेवल्या. रद्द झाल्याचे निरोप पेशंटांच्या फोनवर गेलेसुद्धा. सकाळपासून माणसं दारात भांडत होती. एक आजोबा मात्र मुलाचा हात धरून आले, तारीख गेल्याचं ऐकलं आणि काही न बोलता तसेच परत गेले. भांडणाऱ्यांपेक्षा तेच काकूंच्या जिवाला जास्त लागलं होतं.

व्यवस्थापक सगळं मुलीला सांगत होते, काकू जणू खोलीत नाहीतच. बाई चांगल्या आहेत, जुन्या आहेत, पण वय झालं. उद्यापासून त्यांना खाली फायलींच्या खोलीत बसवू, काउंटरवर कोणीतरी तरुण घेऊ. यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, असंही म्हणाले. वाईट ज्यांना वाटायचं त्या चष्म्याची काच रुमालाने पुसत उभ्या होत्या. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

पुस्तिकेचं तर व्यवस्थापकांनी तोंड भरून कौतुक केलं. नवव्या पानावर, नक्की करायच्या बटणाभोवती चांगला ठसठशीत गोल काढून दिलाय, आता याहून जास्त माणसाने काय करायचं? मुलगी सुखावली. चहाचा घोट घेत तिने नववं पान उघडलं आणि कप परत बशीत ठेवला.

जुन्या प्रोग्रामात बटणांवर शब्द होते. नव्यात शब्द गेले, इवलीइवली चित्रं आली, आणि डावीकडे छपाईचं एक बटण जादा घुसलं. त्यामुळे सगळी बटणं एकेक घर उजवीकडे सरकली. मुलीची कामाची रीत ठरलेली. पानावरचं जुन्या पडद्याचं चित्र काढायचं, त्याच जागी नव्या पडद्याचं बसवायचं, मग त्यावरचे गोल हलवून नीट करायचे. बाकीच्या पानांवर तिने ते केलं होतं. नवव्यावर राहून गेलं. नक्की करायचं बटण पुढे गेलं आणि गोलाच्या बरोबर मधोमध रद्दचं येऊन बसलं. पान दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यायचा नियम होता, पण 'हे तर मी डोळे झाकून करते' असं ती ऑफिसात सांगत फिरायची. केलंही होतं तसंच.

दुसऱ्या कोणाला ते दिसणं शक्य नव्हतं. चित्र अंगठ्याएवढं, छपाई पुसट, गोलाची रेघ जाडजूड. तिचं तिलाच दिसलं.

"पुस्तिकेत काही गडबड नाही ना, मॅडम?" व्यवस्थापकांनी विचारलं, आपलं विचारायचं म्हणून.

"चित्र बरोबर आहे," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. चित्र बरोबरच होतं, चुकला होता तो गोल. पण बोलून झालं आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कान तापले. आपली जीभ ऐन वेळी एवढी हुशार निघेल असं तिला वाटलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोराच्या हातात बशीसकट चहा. व्यवस्थापकांनी मान डोलावली आणि खालच्या खोलीची किल्ली बघायला निघून गेले.

आता खोलीत दोघीच राहिल्या. मुलीने काकूंकडे त्यांची पुस्तिका मागितली. म्हणाली, ही द्या, उद्या नवी कोरी आणून देते. काकूंनी पुस्तिकेला शाळेच्या पुस्तकासारखं कव्हर घातलं होतं. त्या म्हणाल्या, नवी कशाला, हीच तर पाठ झालीय. मग थोड्या घुटमळल्या आणि त्यांनीच एक मागणं मागितलं. खाली जायच्या आधी एकदा तुमच्यासमोर करून बघते. दिवसभर विचार करतेय, पण कुठे चुकतंय तेच कळत नाही.

कोपऱ्यातल्या संगणकावर सरावाचा पडदा होता. काकू आता कुठे खुर्चीत बसल्या. नववं पान उघडून त्यांनी पुस्तिका पडद्याला टेकवून उभी केली. आधी बोट गोलावर ठेवलं. मग ओठांतल्या ओठांत बटणं मोजत तेच बोट पडद्यावर आणलं, अगदी त्याच घरावर, आणि दाबायच्या आधी मुलीकडे बघितलं. शिकवल्याप्रमाणे एक गोष्ट त्यांनी इकडची तिकडे केली नव्हती.

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकू," ती कशीबशी म्हणाली, "तुमचं नाही हो चुकत."

काकूंनी बोट मागे घेतलं. दाराकडे एकदा नजर टाकली, मग तिच्या हातावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाल्या, "असू दे गं बाई. माझी बाजू घ्यायला जाशील आणि उगीच तुझ्यावर शेकेल."