बिनकाट्यांची शर्यत

मनगटावरचं घड्याळ टिवटिवलं आणि ओस्मोने पेडलवरचा पाय उचलला. मागून येणारी लाल गाडी त्याला खेटून पुढे निघून गेली.

"एकशे दहा झाले वाटतं," हेडफोनमधून कौको म्हणाला. "त्या घड्याळाला माझ्याकडून थँक्यू सांग. दर रविवारी बिचारं मला वाट करून देतं."

सात जणांत ओस्मो सातवा आला. गेल्या रविवारीही सातवाच होता.

सातही जण निवृत्त. केउरू गावात आपापल्या घरी पडद्यासमोर स्टीअरिंग आणि पेडलं बसवून ते दर रविवारी दुपारी शर्यत लावत. कौकोने चाळीस वर्षं दुधाचा टँकर हाकला होता. ओस्मोची हयात कागद कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये, भिंतभर मापकांच्या काट्यांसमोर गेली होती. काटा हिरव्या पट्ट्यात असला की जग जागच्या जागी.

मार्चमध्ये त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. जूनमध्ये डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं की गाडी ठणठणीत आहे, आता मनात येईल ते करायला हरकत नाही. पण ओस्मोने स्वतःच एक रेघ आखून घेतली: नाडीचे ठोके एकशे दहा, त्यापुढे नाही. ठोके घड्याळ मोजायचं आणि इशारा फोनवरही पाठवायचं. मग सौनातलं वाफस्नान बंद झालं. तळ्यावर होडी वल्हवणं बंद झालं. त्याची बायको लेम्पी एकटीच होडी घेऊन जायची आणि तो काठावर बसून मनगटाकडे बघायचा.

"पुढच्या रविवारी बिनकाट्यांची शर्यत," कौकोने त्या शर्यतीनंतर जाहीर केलं. "वेग, गिअर, टायरचं तापमान, फेरीची वेळ, सगळे आकडे पडद्यावरून काढायचे. माझ्या टँकरचा वेगाचा काटा ब्याण्णव साली मेला. मी अजून आहे."

रविवारी ओस्मोने कुरकुरत का होईना, पडद्यावरचे आकडे एकेक करून घालवले. लेम्पी कॉफी घेऊन आली, तिने पडदा पाहिला, मग नवऱ्याचा हात पाहिला.

"आणि हे?"

"हे खेळातलं नाही."

"काटा तो काटा," ती म्हणाली आणि घड्याळाचा पट्टा सोडवू लागली. "हेही काढ."

"कुठे ठेवतेस?"

"सांभाळते मी. तू गाडी सांभाळ."

पहिल्या फेरीत त्याने दोनदा गाडी झाडांवर घातली. पडद्याच्या कोपऱ्याकडे नजर जायची आणि तिथे नुसतं आभाळ दिसायचं.

"मी किती वेगात आहे?" त्याने न वळता विचारलं.

खुर्चीमागे उभी असलेली लेम्पी म्हणाली, "मला काय विचारतोस? कान आहेत ना तुला?"

मग तो ऐकू लागला. इंजिन आधी गुरगुरायचं, मग गायचं, मग केकाटायचं. केकाटायच्या जरा आधी गिअर बदलला की गाडी खूश असायची. वळणावर स्टीअरिंग हातात जड लागायचं आणि मग एकाएकी रिकामं व्हायचं. म्हणजे पुढची चाकं रस्ता सोडत होती. ती पूर्ण सुटण्याआधी हात थोडा सैल केला, तर ती पुन्हा रस्ता धरायची. कारखान्यात पहिल्या वर्षी तो यंत्रावर तळवा ठेवून सांगायचा, कुठलं बेअरिंग कोरडं पडलंय ते. कंट्रोल रूममध्ये गेल्यावर त्याला ते कुणी विचारलं नव्हतं, आणि तोही विसरला होता.

तिसऱ्या फेरीत तो सहावा होता, चौथ्या फेरीत चौथा. शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणाआधी पुढे कौकोची लाल गाडी आली. तिचा आवाज खाली उतरला. कौकोने ब्रेक लावला होता.

ओस्मोच्या हातातलं स्टीअरिंग अजून जड होतं. म्हणजे रस्ता अजून हातात होता. त्याने ब्रेक लावला नाही. एक श्वासभर थांबला, मग दाबला, आणि आतल्या कडेने सुळकन पुढे गेला.

तिसरा.

"ओस्मो," हेडफोनमधून कौको म्हणाला, "तूच होतास ना? का लेम्पीला बसवलं होतंस?"

"मीच होतो," ओस्मो म्हणाला आणि हेडफोन काढून ठेवला. त्याला हसू आवरत नव्हतं. शेजारी गार झालेली कॉफी त्याने एका घोटात संपवली.

मेजावरचा फोन थरथरला. त्यावर लाल अक्षरांत इशारा आला होता. दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं, नाडीचे ठोके एकशे एकावन्न.

दोन एक्केचाळीस म्हणजे शेवटचं वळण.

ओस्मोचं हसू विरलं. एकशे एकावन्न, आणि त्याला कळलंसुद्धा नाही. आता मात्र छातीत डाव्या बाजूला काहीतरी दाटल्यासारखं वाटू लागलं. बोटांना मुंग्या आल्या. त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"लेम्पी, डॉक्टरांना फोन लाव," तो बारीक आवाजात म्हणाला. "एकशे एकावन्न झालेत."

लेम्पीने फोन उचलून वाचला. तिची काही घाई दिसली नाही.

"घड्याळ कुठे आहे तुझं?"

त्याने मनगट पाहिलं. तिथे पट्ट्याचा पांढरा वळ तेवढा होता.

लेम्पीने लोकरी जाकिटाची बाही वर सरकवली. आवाज बंद केलेलं घड्याळ तिच्या हातावर लुकलुकत होतं.

"हे ठोके माझे आहेत, ओस्मो," ती म्हणाली. "मार्चपासून कुणी मोजलेच नव्हते."