सोळापैकी आठ

माणसाच्या मनात काय चाललं आहे ते शास्त्राला नेमकं कळतं, असं मानसशास्त्राचे प्राध्यापक गिरधर पाटील दरवर्षी पहिल्या तासाला सांगत. दुसर्‍या तासाला वर्गात पोरं का नसतात, हे मात्र त्यांना कधी कळलं नाही.

त्या रविवारी गिरधर सर देवपूरला थोरल्या बहिणीच्या, वच्छलाबाईंच्या घरी होते. मेहुणे झुलालभाऊ गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच. लेकीला, कोकिळेला, बघायला जळगावहून पिंप्राळ्याची मंडळी आली होती: मुलाची आई बेबाबाई, आजी ताईबाई आणि काका.

सरांनी पुण्याहून एक अमेरिकन पुस्तक आणलं होतं. त्यात ऑटिझम नावाच्या अवस्थेची सोळा लक्षणं दिली होती. सोळापैकी आठ जुळली की निदान पक्कं. कुठल्याही परीक्षेत काठावर पास होणारी कोकिळा इथे मात्र सहज पास झाली होती.

पाहुणे यायच्या आधी स्वयंपाकघरात सरांनी ते बहिणीच्या कानावर घातलं.

"अक्का, लपवणं बरं नाही. मी सांगतो त्यांना."

"तुना पुस्तकमा औषध शे का?"

"औषध नाही."

"मंग नाव कसाले सांगस? मी मरनू ते तिले कोन देखी? तू?"

सर कोथिंबीर निवडायला लागले.

कोकिळा चहा घेऊन आली. मान खाली. नजरेला नजर देत नाही, सरांनी मनात एक मोजलं.

"बघा, नजर वर नाही पोरीची," बेबाबाई खूश झाल्या.

कोकिळेने कप मांडले. सगळ्या कपांचे कान एकाच बाजूला. एक कप जरासा फिरला होता, तो तिने सरळ केला. दोन.

"केवढी टापटीप!" बेबाबाई म्हणाल्या. "नाव काय गं?"

"कोकिळा झुलाल पाटील."

"शिक्षण?"

"दहावीपर्यंत."

"स्वयंपाकात काय काय येतं?"

"कळण्याची भाकर, वांग्याचं भरीत."

तिन्ही उत्तरं एका चालीत. वच्छलाबाईंनी ती महिनाभर घोटून घेतली होती. क्रम चुकायची भीती नव्हती, कारण अख्ख्या खानदेशात मुलीला हेच तीन प्रश्न याच क्रमाने विचारतात. त्याच त्या गोष्टी ठरल्या क्रमानेच करण्याचा हट्ट हे लक्षण पुस्तकात होतं. पण ते नेमकं कुणाच्या नावावर टाकायचं, हे सरांना ठरवता येईना. काका तर आल्यापासून ट्रॅक्टरच्या टायरांबद्दलच बोलत होते आणि कुणी ऐकतंय का, याची त्यांना फिकीर नव्हती. तेही पुस्तकात होतं.

"सर, तुम्ही तर मनाचे प्रोफेसर," बेबाबाई वळल्या. "भाचीत काही खोट असेल तर आत्ताच सांगून टाका हं!"

सगळे हसले. वच्छलाबाई पोह्यांचं ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत. भावाकडे नुसत्या बघत राहिल्या.

सरांनी घसा साफ केला.

"मुलगी शांत आहे," ते म्हणाले.

"शांतच पाहिजे बाई. थोरल्या सुनेनं कान किटवलेत आमचे."

तेवढ्यात आजीने सगळी रीत मोडली. कोकिळेचा हात ओढून तिला जवळ घेत ताईबाई म्हणाल्या, "बेटी, तुले मना नातू पसंत शे का?"

हा प्रश्न घोटून घेतलेला नव्हता. वच्छलाबाईंना त्यांच्या वेळी कुणी विचारला नव्हता, त्यामुळे तो असतो हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

कोकिळेने हात सोडवून घेतला. तिने एकेका खुर्चीकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं. शेवटी ती पहिल्यापासून सुरू झाली.

"कोकिळा झुलाल पाटील."

"लाजनी वं माय!" आजी टाळी देत हसल्या. "पोर गाय शे गाय."

विचारलं एक, उत्तर भलतंच. सरांनी तेही मोजलं.

बेबाबाईंनी कुंकवाचा करंडा मागितला. कोकिळेला कपाळाला कुणी हात लावलेला सोसत नसे. वच्छलाबाई चटकन तिच्या शेजारी बसल्या आणि लेकीचे दोन्ही हात त्यांनी आपल्या हातांत घेतले.

"आईची माया," काका म्हणाले आणि परत टायरांकडे वळले.

वच्छलाबाईंच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. कुंकू लागलं. नारळ ओटीत पडला.

मंडळी बसस्टँडकडे गेली. कोकिळा कपाळ पुसत बसली होती. कुंकू केव्हाच गेलं होतं, तरी पुसत होती. सर तिच्यासमोर उकिडवे बसले.

"कोकिळा, आजींनी काय विचारलं ते कळलं होतं का? मुलगा पसंत आहे का, असं विचारलं त्यांनी."

कोकिळेने मघासारखंच एकेका खुर्चीकडे पाहिलं. मग दाराकडे. तिच्या मागोमाग सरांनीही पाहिलं.

मुलगा आलाच नव्हता. त्याचं दुकान रविवारी उघडं असतं.