लेकीची शपथ

पोपटनं हात झटकन मागं घेतला.

"लेकीची नाय," तो म्हणाला. "बेलभंडार उचलतो. म्हसोबाची शपत घेतो, माजीच घ्या हवी तर. पन चिंधीची नाय."

"बघा, बघा!" इंदूबाईनं कपाळावर हात मारला. "दारू सुटायची नाय हे ठाव हाय, म्हनून लेकीची नको!"

चौक गावच्या मारुतीच्या देवळात माणसं जमली होती. गोमाबुवा स्वतः एकेकाळचा अट्टल दारुडा. आता तो पिणाऱ्याला लेकराच्या डोक्यावर हात ठेवायला लावायचा, आणि लोधिवलीपासून शिळफाट्यापर्यंत कितीतरी संसार त्यानं असे सावरले होते. देवाची शपथ माणूस पचवतो, पोटच्या पोराची पचत नाही, असं त्याचं म्हणणं. ती मोडली की पोर हाती लागत नाही, हे त्या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक.

इंदूबाईचा हा शेवटचा उपाय होता. भगत झाले, अंगारे झाले, मुळ्या उगाळून झाल्या. लढाईमुळं धान्य रेशनवर, आणि या गड्यानं रेशनचे तांदूळसुद्धा भट्टीवर नेऊन दिले! बाईनं सोसायचं तरी किती? थोरली जना तापानं गेली तेव्हापासून तर त्यानं ताळच सोडला होता. त्या धसक्यानं इंदूबाईनं पाठच्या पोरीचं नाव चिंधी ठेवलं, यमाची नजर पडू नये म्हणून.

"आज हात ठेवला नाय, तर पोरीला घेऊन हीर जवळ करीन," ती म्हणाली. बोललं ते करणारी बाई होती ती.

"अगं, ऐक माजं..."

"लय ऐकलं तुमचं!"

गोमाबुवानं पोपटचं मनगट धरलं. "लाज वाटू दे, गड्या. बाप हायस ना तिचा?"

दोघांनी त्याला पुढं रेटलं. चिंधी बापाकडं बघून हसली. त्याचा हात तिच्या केसांवर टेकला आणि पोपट सगळ्यांदेखत हमसून रडला.

"सोडली," तो म्हणाला.

मारुतीचा जयजयकार झाला. बुवानं नारळ वाढवला. इंदूबाईनं पदरानं डोळे पुसले. आज कित्येक वर्षांनी तिला धड श्वास घेतल्यासारखं वाटलं. लेकीला कडेवर घेऊन ती हसत नवऱ्याकडं वळली.

"एवढंच तर व्हतं! आदीच का नाय ठेवला हात?"

"ठेवला व्हता," पोपट म्हणाला. "जनाच्या डोक्यावर."