मुदत संपलेलं पाकीट

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या त्साय आजोबांनी तैपेईपासून दूर चियायी शहरातल्या घरी कुटुंबापुरता स्वतःचा मेसेजचा सर्व्हर बसवला होता. मशीन नीट चालावं म्हणून तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यावर मक्याच्या खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं होतं. पाकिटाची मुदत संपली, की मशीन रुसतं म्हणतात.

अकरा दिवस कुणाचाच मेसेज नव्हता. दिवे लागलेले, तारा जागेवर. शेवटी त्यांनी पाकीट उलटून पाहिलं. मुदत मागच्याच महिन्यात संपली होती. आजोबांचा जीव भांड्यात पडला.

जुनं पाकीट केरात टाकून त्यांनी ताजं आणून ठेवलं आणि तैपेईला मुलाला फोन लावला.

"चिआ-हाव, सर्व्हर रुसला होता रे. तुमचे अडकलेले मेसेज येतील आता."

"सर्व्हर? अजून चालू आहे तो? बाबा, आम्ही सगळे त्या दुसऱ्या ॲपवरच असतो. तुम्हीच हट्टी! बरं, जेवलात ना?"

"जेवलो."

फोन ठेवून आजोबांनी ताजं पाकीट कपाटात टाकलं. मग केराच्या डब्यातून जुनं काढलं, पुसलं आणि पुन्हा मशीनवर नीट ठेवून दिलं.