हेमलताबाईंची साक्ष

मालवणच्या हेमलता सारंग कोर्टात जायला नवी साडी नेसून निघाल्या होत्या, तेवढ्यात समोरच्या पक्षाचा वकीलच त्यांच्या खानावळीच्या दारात येऊन उभा राहिला. खानावळीचं ‘नेपच्यून’ हे नाव एका परदेशी हॉटेल कंपनीला हवं होतं, आणि तेलंग वकिलांची जगभर पसरलेली फर्म त्या कंपनीच्या वतीने लढत होती.

“आम्ही दावा मागे घेतोय. नाव तुमचंच राहील. फक्त इथे सही करा,” तेलंग म्हणाले.

“कित्याक?”

तेलंगांनी ओशाळून सांगितलं. फर्मचं कृत्रिम बुद्धीचं यंत्र प्रत्येक खटला आधी स्वतःशीच हजारो वेळा लढवून बघायचं, त्यामुळे त्यांचे खटले कधी कोर्टापर्यंत पोचतच नसत. या खटल्यात मात्र बाईंची साक्ष सुरू झाली, की यंत्र हमखास हरत होतं.

“मग मी सही करूचंय नाय,” बाई म्हणाल्या. “माझो घोव त्या नावाच्या बोटीर होतो. रोज आरशासमोर बोलान बघितलंय मी. आधी ऐका.”

तेलंग नाइलाजाने बाकड्यावर बसले. एवढ्या वकिलीत त्यांनी खरी साक्ष कधी ऐकलीच नव्हती. बाईंनी वादळ उठवलं, शीड फाडलं, बोट फोडली. नवरा एका फळीला धरून लाटांवर हेलकावत असताना त्या थांबल्या.

“मग? पुढे काय झालं?” तेलंग उठून उभे राहिले.

बाई पदर खोचत स्वयंपाकघराकडे वळल्या.

“आता पुढची तारीख. उद्या येवा.”