वळणावर बसलेली

दोन्ही कॉम्प्युटर एकाच टेबलावर शेजारी शेजारी मांडले, तेव्हा मुरबाडच्या एसटी स्टँडमागचं साईनाथचं ते टीचभर गेमचं दुकान आणखीच अपुरं वाटायला लागलं. डावीकडच्यात पडद्यावर चित्र उमटवणारं जुनं ग्राफिक्स कार्ड, उजवीकडच्यात दीपेशने कल्याणहून आजच आणलेलं नवं. गेम एकच, मोटारींच्या शर्यतीचा. दोन्हीकडे एकदम लावायचा आणि कोण सरस ते बघायचं. पटलं तर नवं इथे ठेवून जुनं दीपेश घेऊन जाणार, असं साईनाथने त्याला फोनवर कबूल करून टाकलं होतं. बापाला मात्र अजून सांगितलं नव्हतं.

बाप, म्हणजे धाऊ, मागच्या स्टुलावर ठाण मांडून बसला होता. शेतावरून आला की रोज इथेच. खेळायचा नाही, नुसता बघायचा. उजव्या कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडी होती, तिथून त्याने वाकून आत पाहिलं. कार्डावर एवढासा पंखा गरगर फिरत होता.

"याला पंखा लागतो रं?"

"लय काम करतो काका, म्हणून तापतो," दीपेश म्हणाला. साईनाथचा शाळेतला दोस्त, आता कल्याणात कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला. तिकडे गेल्यापासून त्याच्या तोंडी उठता बसता एमबी.

"आपल्या जुन्याला कधी वारा नाय घालाय लागला. म्हशाच्या गुरांच्या जत्रंत असला बैल दिसला तर आमी हात नाय लावायचो. उभ्या उभ्या धापा टाकतो!"

शर्यत सुटली. डावीकडची गाडी सवयीप्रमाणे ठेचकाळत निघाली. समोर नुसतं धुकं, आणि त्यातून झाडं अशी अचानक उगवायची की वाटावं, कुणी खालून ढकललीत. उजवीकडची मात्र तेल घातल्यासारखी पळाली. डोंगर पार टोकापर्यंत दिसत होते, रस्त्यावर गाडीची सावली पडत होती. साईनाथ थक्क झाला. अरे देवा, इतकी वर्षं खेळलो तो गेम हा?

पण खरं सांगायचं तर त्या ठेचकाळण्यावरच गावची पोरं जीव टाकायची. शहापूरलासुद्धा तेव्हा असं दुकान नव्हतं. गाडी अडकली की पोरं तोंडाने भुर्रर्र आवाज काढायची आणि ती सुटेपर्यंत तो थांबवायची नाहीत. गाडी अडकते अशी तक्रार एकाने केली असेल तर शपथ. काय ते दिवस होते!

मग तिसरं वळण आलं आणि साईनाथने वळून बापाकडे पाहिलं. हे आपल्या आधी कसं लक्षात आलं नाही?

जुन्या कार्डावर त्या वळणाशी, रस्त्याच्या कडेला, एक पिवळं काहीतरी होतं. फिसकटलेलं, मध्ये हिरवी रेघ, कुणी पाय दुमडून बसावं तसं. दुकान नवं होतं तेव्हा त्याची आई हौसा एकदा भाकऱ्या घेऊन आली होती. बापलेक पडद्याला डोळे लावून बसलेले पाहिले, तशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि त्या पिवळ्यावर बोट ठेवून म्हणाली, "ही मीच गो बाय! माझंच लुगडं, हिरव्या काठाचं. तुमी दोगं कामधंदा सोडून काय दिवे लावता ते बघाया बसलेय." सगळं दुकान हसलं होतं.

त्यानंतर ती फार दिवस जगली नाही. ती गेली आणि धाऊ रोज दुकानात यायला लागला. तो काय बघायला येतो हे साईनाथने कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात!

दीपेशने नेमक्या त्याच वळणावर दोन्ही गाड्या थांबवल्या.

"आता बघ फरक! डावीकडं काय हाय ते कुणाला तरी कळतंय का? आन् हिकडं बघ. ड्रम! तेलाचा ड्रम. त्याच्यावरची अक्षरंसुद्धा वाच."

पिवळा ड्रम, त्यावर हिरवा पट्टा. धाऊ उठला, दोघांच्या मध्ये येऊन उभा राहिला. डोळे बारीक करून त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुन्हा डावीकडे. साईनाथला वाटलं, आपण आपल्या हाताने आईला दुसऱ्यांदा घराबाहेर काढलं.

"जुनं नाय द्यायचं मला," तो एकदम बोलून गेला. "दीपेश, तुझं नवं घेऊन जा बाबा. माझं चुकलं."

"येडा का रं तू? एवढा फरक दिसतोय, तरी?"

"ड्रमच हाय," धाऊ म्हणाला.

"मग! पयल्यापासून ड्रमच होता काका. जुन्याला दाखवता येत नव्हता, इतकंच."

"ते मला पयल्या दिवशीच ठावं व्हतं. एवढ्या मोटारी अंगावरनं जातात, माणूस असतं तर मान तरी वळवली असती."

साईनाथ बापाकडे वळला. "मग बाबा, रोज काय बघाया येता?"

धाऊ मागे फिरून स्टुलावर टेकला.

"ती सांगून गेली ना, हितं बसलेय म्हणून. जन्मभर तिचं एक आयकलं नाय मी. आता मागारी तिला खोटी कशाला पाडू?"