शेवटच्या फेरीची ऊब

तोरणमाळच्या घाटात भर धुक्यात टेम्पो बंद पडला, तेव्हा मागे एक दिवसाची दोन हजार कोंबडीची पिल्लं होती. मेकॅनिक यायला तासभर लागणार होता आणि पिल्लांची चिवचिव मंदावत चालली होती.

सायलेन्सरमधून वाया जाणारी उष्णता हल्ली प्रत्येक गाडी मिठाच्या पेट्यांत साठवून ठेवी. कळ दाबेपर्यंत ती महिनोन्‌महिने टिके. टेम्पो चालवणाऱ्या कालिंदीच्या एक सोडून सगळ्या पेट्या वापरून निवल्या होत्या. उरली होती ती वडिलांनी शेवटच्या फेरीत भरलेली. त्यांना जाऊन पाच आठवडे झाले होते. त्या पेटीला हात लावायला तिचं मन धजत नव्हतं.

"अगं, वाट कसली बघतेस?" शेजारी बसलेली आत्या म्हणाली. "दादा असता तर खेकसला असता तुझ्यावर. स्वतः स्वेटरात कुडकुडायचा, पण पिल्लांना कधी गारठू दिलं नाही त्याने."

कालिंदीने कळ दाबली. जाळीतून गरम वारा सुटला. तिने क्षणभर तळहात त्यावर धरला आणि मग झडप पूर्ण मागच्या बाजूला वळवली.

मागून एक पिल्लू ओरडलं. मग दहा-बारा ओरडली, आणि थोड्याच वेळात सगळा टेम्पो असा कलकलाटाने भरला, की आत्या हसत हसत काय सांगतेय ते कालिंदीला ऐकूच येईना.